पितळेचं वाळवण

गेले दोन वीकेंड इथे काही टाकलं नाही. एक रिलीज बोकांडी बसला होता, तो शुक्रवारी रात्री एकदाचा गेला. आज जरा भांडायचा मूड आहे. आणि भांडणाचा विषय असा आहे की निम्मे वाचक दुसऱ्या परिच्छेदातच सटकतील. तरी लिहितोय. विषय: झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या धुतल्यावर वाळवायच्या कशा.

हसून झालं? मग पुढे.

मी सध्या ह्यूस्टनला असतो. आमच्या ऑफिसातले दोघं घरी काडतुसं भरतात. टेक्सासात हा छंद आपल्याकडच्या गच्चीवरच्या बागेइतकाच मामुली समजला जातो. गोळी झाडली की शिशाची गोळी पुढे जाते, दारू जळते, प्रायमर खर्च होतो, पण पितळेची पुंगळी शाबूत राहते. मग ती टाकायची कशाला? जुना प्रायमर ठोकून बाहेर काढायचा, पुंगळी धुवायची, वाळवायची, साच्यात दाबून मूळ मापाला आणायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू मोजून घालायची, वर नवी गोळी. झालं काडतूस तयार. २०२०-२१ मध्ये इथल्या दुकानांतून काडतुसं आणि प्रायमर गायब झाले होते, ते दिवस लोक अजून विसरलेले नाहीत. त्यामुळे पुंगळी जमिनीवर पडली की वाकून उचलायची सवय बऱ्याच जणांना आहे.

दोन खुलासे आधीच करतो. एक, सामान्य माणसाकडे बंदूक असावी की नसावी यावर माझं मत वेगळं आहे आणि ते आजच्या लेखात नाही. दोन, मी स्वतः हे करत नाही. एच-१बी वर आलेल्या माणसाला शिकारीचा परवाना वगैरे थोडे अपवाद सोडले तर इथे बंदूक किंवा दारूगोळा बाळगता येत नाही, आणि इथल्या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत रिकामी पुंगळीसुद्धा दारूगोळ्यातच मोडते. भारतात तर शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं भरणं हा सरळ गुन्हा आहे. तेव्हा मी फक्त प्रेक्षक. शनिवारी दुपारी गॅरेजमध्ये उभा राहून, हात खिशात घालून, आगाऊ प्रश्न विचारणारा प्रेक्षक.

त्या दोघांपैकी एक साठीकडे झुकलेला, डेटाबेसवाला. त्याला मी मनातल्या मनात काका म्हणतो, इथेही तेच म्हणीन. दुसरा माझ्याच वयाचा, हुशार, उत्साही, सगळ्याला शॉर्टकट शोधणारा. त्याचं नाव ठेवू ओव्हनवीर. का ते आता कळेलच.

तर झालं असं. ओव्हनवीराने चारेकशे पुंगळ्या धुतल्या. हल्लीची पद्धत म्हणजे फिरत्या पिंपात पाणी, स्टीलच्या बारीक तारांचे तुकडे, भांडी घासायचा थेंबभर साबण आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून दोन-तीन तास गरागरा फिरवायचं. पुंगळ्या अशा चकाचक निघतात की सोनाराच्या पेढीवर ठेवाव्यात. पण आतून-बाहेरून चिंब ओल्या. संध्याकाळी भरायला बसायचं होतं. मग साहेबांनी त्या बेकिंग ट्रेमध्ये पसरल्या, स्वयंपाकघरातला ओव्हन २०० फॅरनहाइटवर लावला, म्हणजे आपले ९३ अंश, आणि गडी गवत कापायला मागच्या अंगणात गेला. थोड्या वेळाने बायको आली. पोरीसाठी फ्रोझन पिझ्झा करायचा म्हणून तिने आत न बघता ओव्हन ४५० वर लावला, म्हणजे २३२ अंश सेल्सियस. अर्ध्या तासाने दार उघडलं तेव्हा आत चारशे पुंगळ्या, सोनेरी रंगावर तपकिरी-जांभळी झाक आलेल्या.

सोमवारी जेवताना हा किस्सा त्याने गंमत म्हणून सांगितला. शेवटी म्हणाला, "पुन्हा अर्धा तास पिंपात फिरवल्या. डाग गेले. एकदम नव्यासारख्या." काकांनी सँडविच खाली ठेवलं आणि म्हणाले, "फेकून दे त्या. आणि फेकायच्या आधी पकडीने चेपव, म्हणजे दुसरा कोणी उचलणार नाही." त्यावरून जे सुरू झालं ते लंच ब्रेक संपला तरी संपलं नाही. टेबलावरचे बाकीचे सगळे ओव्हनवीराच्या बाजूचे. "एवढं काय, थोड्या तापल्या तर तापल्या!" मी एकटा काकांच्या बाजूचा. तिथे माझं इंग्रजी भांडण कमी पडलं, म्हणून आता मराठीत पुरं करतो.

"दिसतंय ना कोरडं"

पहिला मुद्दा: मुळात एवढं वाळवायची गरजच काय? बाहेरून पुसली, दोन तास पंख्याखाली ठेवली, झाली कोरडी.

जरा हिशेब करू. ९ मिलिमीटरच्या काडतुसात दारू असते साधारण ५ ग्रेन. ग्रेन हे वजन आपल्याला अगदीच परकं नाही. इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला होता, आणि सोनाराची गुंज जेमतेम दोन ग्रेनची. म्हणजे आख्खी दारू अडीच-तीन गुंजा. ग्रॅममध्ये ०.३२. आता पाण्याचा एक थेंब घ्या. मिलिलिटरला वीस थेंब धरले तर एक थेंब ०.०५ ग्रॅम. म्हणजे दारूच्या वजनाच्या जवळपास १५ टक्के. पुंगळीच्या तळाशी कोपऱ्यात चिकटलेला, बाहेरून न दिसणारा एक थेंब. चहात एक थेंब पाणी जास्त पडलं तर कळतही नाही. इथे दर सहा-सात भाग दारूला एक भाग पाणी झालं.

आणि थेंब नेमका कुठे बसतो? पुंगळी म्हणजे एका तोंडाची बाटली. बुडाला प्रायमरचा खळगा, आणि खळग्यातून आत जायला जेमतेम दोन मिलिमीटरचं भोक. एवढ्या भोकात पाणी आपोआप अडकून बसतं, झटकलं तरी निघत नाही. रायफलची पुंगळी तर गळ्याशी अरुंद, आपल्या फिरकीच्या तांब्यासारखी. आतली हवा दमट झाली की तिथेच कोंडते, बाहेर पंखा कितीही गरगरू दे. काही महाभाग जुना प्रायमर न काढताच पुंगळ्या धुतात. मग प्रायमरच्या मागे पाणी अडकतं ते तीन-तीन दिवस तिथेच. आणि वेगवेगळ्या मापांच्या पुंगळ्या एकत्र धुतल्या तर ९ मिलिमीटरची जाऊन बसते पॉइंट ४० मध्ये, आणि ती पॉइंट ४५ मध्ये. डब्यात डबा. मधलं पाणी कुठून वाळणार?

ओल राहिली तर होतं काय? प्रायमरचं मिश्रण कारखान्यात ओलं असतानाच हाताळतात, कारण ओलं असताना ते सहजी पेटत नाही. तोच गुण इथे दोष होतो. घोडा दाबला आणि नुसतं टक् वाजलं, तर ते त्यातल्या त्यात बरं. वाईट हे की प्रायमर पेटतो पण गोळा झालेली ओली दारू धड पेटत नाही. फुस्स असा आवाज येतो आणि एकट्या प्रायमरच्या जोरावर गोळी बंदुकीच्या नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते. नेमबाजाला वाटतं, फुसका बार. तो पुढची गोळी झाडतो. नळी बंद आहे हे त्या दुसऱ्या गोळीला कोण सांगणार? नळी फुगते, नाहीतर फुटते. आणि नळीच्या मागे हात असतो, हाताच्या मागे चेहरा.

आपण आयटीवाले. आपल्याला हा बग ओळखीचा वाटायला हवा. पाचशे वेळा चालतं आणि पाचशे एकाव्या वेळी प्रॉडक्शनमध्ये कोसळतं. त्याला आपण "माझ्या मशीनवर तर चालतंय" म्हणून बंद करत नाही. निदान करू नये.

"मग ओव्हनच बरा की!"

आता तुम्ही म्हणाल, ओल एवढी वाईट तर तापवून पार कोरडं केलेलं चांगलं. ओव्हनवीराचा हाच मुद्दा होता, आणि इथेच खरी मेख आहे.

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. तांबट तांब्याच्या पत्र्यावर हातोडा चालवतो तसा पत्रा ताठर होत जातो. फार ठोकला तर चिरतो. म्हणून मधेच तो भट्टीत तापवून पुन्हा मऊ करून घेतात. ठोकलं की कडक, तापवलं की मऊ. पितळेचं तेच. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. कारखान्यात त्याची चकती दाबून, ओढून, मधेमधे तापवून पुंगळी करतात. आणि ती मुद्दाम सगळीकडे सारखी ठेवत नाहीत. गळ्याकडे मऊ, म्हणजे गोळी नीट धरून ठेवते आणि चिरत नाही. बुडाकडे कडक, कारण सगळा मार तिथे बसतो.

किती मार? ९ मिलिमीटरच्या काडतुसाची ठरलेली कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय. रायफलच्या पॉइंट ३०८ ची ६२,०००. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये ३२-३३ असतं. म्हणजे पिस्तुलाच्या त्या इवल्याशा पुंगळीत टायरच्या हजारपट दाब, क्षणभरासाठी. बंदुकीचं पोलाद चारी बाजूंनी आधार देतं हे खरं, पण मागच्या बाजूने तो जळता वायू अडवून ठेवायचं काम पितळेच्या त्या कडक बुडाचं. ते बूड मऊ पडलं असेल तर वायू मागे फुटतो. मागे म्हणजे पुन्हा तोच हात आणि तोच चेहरा.

ठोकून कडक केलेलं पितळ साधारण २५० अंश सेल्सियसच्या पुढे मऊ पडायला लागतं. किती लवकर, ते तापमान आणि वेळ दोन्हींवर ठरतं. ९३ अंशांवर काहीही होत नाही, हे मी मान्य करतो. लंचला पण मान्य केलं होतं. पण ओव्हनवीराचा ट्रे ९३ वर राहिला नाही ना! तो २३२ वर गेला, तेही आकड्याप्रमाणे. ओव्हन आकड्यावर स्थिर कधीच नसतो. तो चालू-बंद होत आकड्याच्या खालीवर झोके घेतो, आणि लालभडक कॉइलच्या समोर असलेल्या पातळ पत्र्याला डिस्प्लेवरचा आकडा माहीत नसतो. त्या चारशेतल्या किती पुंगळ्या मऊ पडल्या? कदाचित एकही नाही. कदाचित कॉइलजवळच्या वीस. कुठल्या वीस, ते सांगता येत नाही, कारण पॉलिश केल्यावर सगळ्या सारख्याच चकचकतात. आणि एकदा मऊ पडलेलं बूड तापवून पुन्हा कडक होत नाही. ते फक्त ठोकून होतं, आणि पुंगळीचं बूड घरी कोण ठोकणार?

काका "फेकून दे" म्हणाले त्यामागे एवढं सगळं होतं. त्यांना कोणी विचारलं नाही, आणि आपण होऊन त्यांनी सांगितलं नाही. या पिढीची ही एक खोडच आहे.

आणि तो पिझ्झा

इथपर्यंत मी शांत होतो. पण सगळ्या टेबलावर पिझ्झ्याबद्दल एकानेही विचारलं नाही, याचा मला खरा राग आला.

बहुतेक प्रायमरांमध्ये शिशाचं संयुग असतं. ते जळल्यावर उरणारी काळी पूड पुंगळीच्या आत आणि प्रायमरच्या खळग्यात बसते. धुतल्यावर पिंपातलं पाणी करडं-काळं निघतं, त्यात ती असते. नीट विसळलं तर बरीचशी जाते. बरीचशी. उरलेली थेंबाथेंबाने बेकिंग ट्रेवर आणि जाळीवर उतरते आणि वाळून तिथेच राहते. शिसं वाफ होऊन पिझ्झ्यावर बसलं असं मी म्हणत नाही, त्याला फार जास्त उष्णता लागते. माझं म्हणणं साधं आहे: त्या ट्रेला लागलेला हात पोरीच्या ताटाला लागतो. ओव्हनवीराची पोरगी तीन वर्षांची आहे. लहान मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळी माहीत नाही. अमेरिकेच्या सीडीसीने लक्ष द्यायची पातळी २०२१ मध्ये खाली आणून डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम केली. मायक्रो! आणि हा माणूस पुंगळ्या घासलेली चाळणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये विसळतो. वर सांगतो, "साबणाने धुतली की."

बंदूक कपाटात कुलूप लावून ठेवतो. त्याबाबतीत शंभर टक्के शिस्त. पण शिसं मात्र पोळीच्या तव्याशेजारी. कारण बंदूक धोकादायक दिसते आणि ओला पितळेचा ट्रे धोकादायक दिसत नाही.

घोड्याची पागा आणि पावसाळा

"ओलं राहिलं तर पितळ थोडंच गंजतंय?" हाही एक मुद्दा आला होता. लोखंडासारखं गंजत नाही, बरोबर. पण ओलाव्याचा आणि पितळेचा एक जुना इतिहास आहे, आणि तो चक्क आपल्याकडचा आहे.

इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये साठवलेली असायची. पावसाळा उलटला की पुंगळ्यांना चिरा गेलेल्या सापडायच्या, जिथे पितळ गोळीवर घट्ट आवळलेलं असतं नेमकं तिथे. ना कोणी आपटली, ना कोणी झाडली. पावसाळ्यात होतं म्हणून नाव पडलं सीझन क्रॅकिंग. पुढे १९२१ मध्ये इंग्लंडातल्या धातुतज्ज्ञांनी उलगडा केला: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, हवेतली ओल, आणि पितळेत आवळून राहिलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळ आतून चिरतं. त्यावरचा इलाज म्हणजे कारखान्यातच पुंगळी बेताने तापवून तिच्यातला ताण कमी करणं. बघा, उष्णतेशी माझं वैर नाही. तापवायचं असेल तर किती, किती वेळ आणि कुठला भाग, हे ठाऊक असणाऱ्याने तापवावं.

आज गॅरेजमध्ये घोडा नसतो. पण शेल्फवर काच पुसायचा स्प्रे असतो आणि पितळ चमकवायचं पॉलिश असतं, आणि यातल्या पुष्कळ बाटल्यांत अमोनिया असतो. कोणीतरी "अजून चकाकी येईल" म्हणून तो वापरतो, अर्धवट वाळलेल्या पुंगळ्या झाकणाच्या डब्यात भरतो, आणि डबा ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात गॅरेजमध्ये ठेवून देतो. अख्खी पागा तयार, फक्त घोडा कमी.

गॅजेटवाले पण काही कमी नाहीत

ओव्हनवाल्यांना झोडपलं म्हणून दुसऱ्या गटाने खूश होऊ नये. बाजारात "पुंगळ्या वाळवायचं खास मशीन" मिळतं. थाळ्यांवर थाळ्या, खाली हीटर आणि पंखा. फळं-भाज्या सुकवायच्या मशीनचाच हा भाऊ, फक्त खोक्यावर भाजीऐवजी पुंगळीचं चित्र. वाईट नाही. साधारण ७० अंशांच्या आसपास थांबतं आणि हवा फिरवतं, त्यामुळे ओव्हनपेक्षा शंभर पट शहाणं. पण मशीन घेतलं म्हणजे वाळलंच, हा जो भाव असतो ना, त्यावर माझा आक्षेप आहे. एक तासाचा टायमर ॲरिझोनातल्या माणसाने ठरवलाय, जिथे हवाच कोरडी ठक्क. तोच तास ह्यूस्टनच्या जुलैत लावला तर पुंगळ्या निघतात गरम आणि ओल्या. मराठवाड्यात दोन दिवसांत खडखडीत वाळणारी कुरडई कोकणात चार दिवस मऊच राहते. हे आपल्या आया-आज्यांना कुठल्याही टायमरशिवाय कळत होतं.

आणखी एक जमात आहे ती अल्कोहोलवाल्यांची. शेवटचं विसळणं आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये करायचं, म्हणजे पाणी ओढून घेऊन चटकन उडून जातं. केमिस्ट्री बरोबर. पण इथे बऱ्याच घरांत गॅसवरचा गीझर गॅरेजमध्येच असतो, आणि त्याची ज्योत अल्कोहोलच्या वाफेला विचारून पेटत नाही. उघड्या हवेत, थोड्या प्रमाणात, आसपास आग नसताना करा. नाहीतर करू नका.

मग करायचं काय?

काकांची पद्धत सांगतो. मी पाहिलेली आहे, आणि तिच्यात विकत घेण्यासारखं काहीच नाही.

जुना प्रायमर आधी काढायचा, मग धुवायचं, म्हणजे खळगा दोन्हीकडून मोकळा. मापं वेगळी करून धुवायची. दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने विसळायचं, शेवटचं विसळणं जमलं तर डिस्टिल्ड पाण्याने, नाहीतर कठीण पाण्याचे पांढरे डाग राहतात. मग जुन्या टॉवेलमध्ये घालून दोन टोकं धरायची आणि झुलवायचं, लहान बाळाला चादरीच्या झोळीत झुलवतात तसं. निम्म्याहून जास्त पाणी इथेच जातं. तो टॉवेल गॅरेजचा, तो घरच्या कपड्यांत धुवायचा नाही. मग जाळीवर तोंड खाली करून, एकावर एक न ठेवता पसरायच्या. सपाट ट्रेवर तोंड खाली केलं तर तोंडच बंद होतं, म्हणून जाळी. खालून साधा टेबलफॅन. ऊन असेल तर ऊन. दोन दिवस हात लावायचा नाही.

आणि मग वजन. मला हे फार आवडलं. ज्याच्याकडे काडतुसं भरायची सोय आहे त्याच्याकडे दारू मोजायचा काटा असतोच, एक दशांश ग्रेनपर्यंत दाखवणारा. जाळीच्या मधल्या, सगळ्यात कमी वारा लागलेल्या वीस पुंगळ्या उचलायच्या आणि वजन करायचं. लिहून ठेवायचं. तीन-चार तासांनी त्याच वीस पुन्हा. पाण्याचा एक थेंब पाऊण ग्रेनचा असतो, या काट्यापासून तो लपूच शकत नाही. वजन उतरलं तर अजून पाणी जात होतं, म्हणजे थांबा. सलग दोनदा तेच आलं तर वाळल्या. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला "वजन स्थिर होईपर्यंत" लिहून आपण सगळ्यांनी आकडे ढापलेत. तेच, पण आकडे न ढापता.

शेवटी हात साबणाने धुवायचे, स्वयंपाकघरात नाही, बाहेरच्या नळावर. आणि मगच घरात.

एवढंच. खर्च शून्य, वेळ दोन दिवस. सगळा विरोध त्या दोन दिवसांना आहे, हे माझ्या लक्षात आलंय. "वीकेंडच दोन दिवसांचा, त्यातले दोन दिवस वाळवण्यात घालवू?" असं ओव्हनवीर म्हणाला. अरे बाबा, मग या शनिवारी धू आणि पुढच्या शनिवारी भर! पुंगळ्या काय दूध आहेत नासायला? तुझ्या बॅकलॉगमध्ये तीन-तीन महिने पडलेल्या स्टोऱ्या आहेत, त्या चालतात. पितळ एक आठवडा जाळीवर पडलं तर मात्र जीव खालीवर.

माझी आजी देवाची पितळी भांडी चिंचेने घासायची. घासून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसून अंगणात उन्हात पालथी घालायची, आणि ऊन उतरेपर्यंत कोणाला हात लावू द्यायची नाही. समईच्या दांड्यातला आटा सोडवून वेगळा ठेवायची, आत पाणी राहतं म्हणून. भरवशासाठी कानाजवळ नेऊन हलवायची. तिथे काही स्फोट होणार नव्हता. फार तर तेलात पाणी जाऊन वात तडतडली असती. तेवढ्यासाठी एवढी काळजी. आणि इथे ३५,००० पीएसआय.

"मी दहा वर्षं ओव्हनमध्येच वाळवतोय, काही झालं नाही," असं सांगणारा प्रत्येक टेबलावर एक असतो. आमच्याही होता. त्याला मी एवढंच विचारलं, की या दहा वर्षांत तुझी एखादी गोळी कधी टक् वाजून राहिली का? म्हणाला, "राहते की कधीतरी. प्रायमर खराब असतात हल्ली." म्हटलं, असतील.

ताजा कलम: काल शनिवार. काकांकडे गेलो तर ओव्हनवीर तिथे आधीच हजर, पायरीवर बसून पकडीने एकेक पुंगळी चेपतोय. चारशे आहेत, हात भरून आलेला. मला बघून म्हणाला, "काही बोलू नकोस." मी काही बोललो नाही. बेकिंग ट्रेसुद्धा गॅरेजमध्ये आणून टाकला होता. पोरीच्या रक्ताची तपासणी करायला बुधवारची वेळ घेतलीय म्हणाला. काकांनी त्याला काटा दिला, वही दिली आणि जाळी दाखवली. मी नेहमीप्रमाणे हात खिशात.